पाव आटा सैल

माझे वडील हिंगोलीतल्या एका जिनिंग कारखान्यात फिटर होते. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. कापसाचा हंगाम असला की ते घरी फक्त जेवायला आणि झोपायला येत. अंगावर, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवरसुद्धा सरकीचा बारीक भुरका असे आणि माय त्यांना उंबऱ्याबाहेरच उभं करून फडक्यानं झटकत असे. हंगाम संपला की कारखाना गप्प व्हायचा. आमचं घर कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून, दोन खोल्या आणि वर पत्रे. हंगामात भांडी फळीवर आपोआप थरथरत, आणि उन्हाळ्यात ती थरथर बंद झाली की आम्हाला काही दिवस चुकल्याचुकल्यासारखं वाटे. माय म्हणायची, घर आजारी पडल्यावानी वाटून राहिलं. त्या गप्प महिन्यांत नाना यंत्रं खोलून, पुसून, पुन्हा बसवत, आणि उरलेल्या वेळात गावातल्या कुणाकुणाच्या विहिरीवरचं इंजिन, शिलाई मशीन, बंद पडलेलं घड्याळ असं काहीही दुरुस्त करत.

त्यांच्यापाशी बसायचा मान माझा होता. दादा मोठा. त्याला तेलकट हातांचा कंटाळा, आणि तोवर तो वाशिमला मास्तर झालेला होता. मी शेंडेफळ, दहावीत जाणार होते. दादाच्या आणि माझ्या मधली दोन लेकरं मायनं गमावली होती, त्यामुळं माझे लाड जास्तच. नाना एखादा भाग घासून झाला की माझ्या तळहातावर ठेवत आणि विचारत, "सुले, कसा?" मी तो उजेडाकडं धरून पाहायची, बोट फिरवायची आणि मोठ्या माणसासारखी म्हणायची, "बरा हाय." खरं सांगते, मला काही कळत नसे. पण ते विचारत, आणि फक्त मला विचारत. ते मला शाळेतल्या पहिल्या नंबरापेक्षा मोठं वाटे.

त्या उन्हाळ्यात आमच्या शाळेतले विज्ञानाचे वैद्य सर एका संध्याकाळी घरी आले. रुमालात गुंडाळलेली एक वस्तू त्यांनी बाजेवर ठेवली. लिंबाएवढं इंजिन होतं ते. खरोखरचं, बाहेरून बारीक पंखे कोरलेलं, वर एक आडवा खिळा असलेला स्क्रू. सरांच्या भावानं परदेशातून आणलं होतं, चुकीचं तेल घातल्यानं आतला पिस्टन चरे पडून अडकला होता. ते स्पार्क प्लगविना चालतं, असं सर सांगत होते. इथर, रॉकेल आणि एरंडेल सारख्या मापानं मिसळून घालायचं. वरचा स्क्रू आवळला की आतला दाब वाढतो आणि त्या दाबानंच इथर पेट घेतं. स्क्रू किती आवळायचा आणि इंधनाची सुई किती उघडायची, एवढ्यावर सगळा खेळ. नाना इंजिन डोळ्यांपाशी धरून बराच वेळ बसले. इकडं माय चहा घेऊन दारात थांबली होती. सर ज्या आळीतले, त्या आळीतलं कुणी तोवर आमच्या बाजेवर बसलं नव्हतं. सरांनी कप घेतला, बोलता बोलता सगळा चहा प्यायले आणि अजून अर्धा मागितला. माय आत जाऊन उगाचच चूल फुंकत बसली.

नानांनी कारखान्याच्या लेथवर नवा पिस्टन केला. पाच केले, चार टाकून दिले. घासणीच्या पेस्टनं तो इतका घासला की तेल लावून इंजिनाच्या नळीत सोडला तर आपल्याच वजनानं हळूहळू खाली उतरे, आणि खालून अंगठा लावला की मधेच थांबे. मला तो खेळ दिवसभर करावासा वाटे. मग सरांनी डोक्यातली गोष्ट सांगितली. हैदराबादला त्यांचे एक मित्र होते, मिर्झासाहेब. असलं इंजिन लावलेली हातभर लांबीची मोटार त्यांनी बनवली होती. मैदानाच्या मधोमध खुंटा, खुंट्याला तार, तारेला मोटार. ती खुंट्याभोवती गरागरा पळायची आणि दहा फेऱ्यांची वेळ घड्याळावर मोजायची. सरांनी पत्रात लिहून टाकलं होतं की हिंगोलीतही तशी मोटार होईल. मिर्झासाहेबांचं उत्तर आलं होतं, मग मी माझी घेऊन येतो, दोन्ही पळवून बघू. नाना हसले नाहीत की घाबरले नाहीत. जमीन कोणती घेणार, एवढंच त्यांनी विचारलं आणि मग स्वतःच उत्तर दिलं. जिनिंगचं कापूस उतरवायचं अंगण. सिमेंटचं, गुळगुळीत, आणि हंगामापर्यंत रिकामंच.

याच सुमारास आमच्या घरात पंचफुलावैनी आली होती. दादाचं लग्न चैत्राच्या आधी झालं होतं. दादा शनिवारी वाशिमहून यायचा, सुट्टीतही शिकवण्या असत म्हणून सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचा, आणि आठवडाभर वैनी आमच्याकडं. ती साखऱ्याची. अंगानं बारीक, रंगानं काळीसावळी, पदर कपाळापर्यंत. तिच्या हातची अंबाडीची भाजी मायच्या भाजीपेक्षा चांगली होती हे आम्हा तिघांनाही पहिल्याच आठवड्यात कळलं, आणि तिघांनीही ते बोलून दाखवलं नाही. सासऱ्याशी ती थेट बोलत नसे. तेव्हा तशी रीतच होती. नानांना काही सांगायचं तर ती मला सांगायची, "सुलूताई, मामाला म्हणा पाणी तापलं." नानांना काही हवं असलं तर तेही मला सांगत. दोन खोल्यांच्या घरात तिघं एकमेकांच्या हाताच्या अंतरावर, आणि मी मधली तार. मला ते आवडायचं. आपल्यावाचून घर अडतं असं वाटायचं.

नव्या पिस्टनचं इंजिन पहिल्यांदा चालवलं तो दिवस मला स्वच्छ आठवतो. नानांनी ते एका फळीवर आवळून अंगणात ठेवलं होतं, सर शेजारी. चाकाला दोरी गुंडाळून ओढायची. दहावीस वेळा ओढल्यावर ते एकदम किंचाळलं. केवढीशी वस्तू, पण आवाज असा की पत्र्यावरची कबुतरं उडाली आणि गल्लीतली पोरं भिंतीवर चढली. एरंडेल जळाल्याचा निळसर धूर घरभर भरला. मायचं म्हणणं होतं की पोट साफ करायचं औषध हे लोक जाळून राहिले, आणि तिची बाटली कोण भरून देणार. नाना स्क्रू थोडा फिरवत, सुई थोडी फिरवत, पण आवाज दर थोड्या वेळानं खाली बसे. ते त्यांना बरं वाटत नव्हतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, बरा हाय.

तेवढ्यात वैनीनं मला आतून हाक मारली. ती परातीत पीठ मळत होती. मान न उचलता हळूच म्हणाली, "त्याला तेल कमी भेटून राहिलं. हवाच जास्त पिऊन राहिलं ते. मामाला सांगा."

मी बाहेर आले. सर उभे होते, नाना उभे होते. मी म्हणाले, "नाना, त्याला तेल कमी पडून राहिलं. सुई उघडा." नानांनी सुई थोडी उघडली. आवाज वर चढला आणि तिथंच राहिला. एकसारखा, गुळगुळीत, जराही न हलता. सर म्हणाले, मुलीचा कान चांगला आहे. नानांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तेलाची पाच बोटं माझ्या केसांत उमटली. मी वैनीचं नाव घेतलं नाही. त्या क्षणी विसरलेच म्हणा, पण रात्री अंथरुणावर आठवलं, सकाळी आठवलं आणि तरीही मी ते घेतलं नाही.

वैनीला हे कुठून आलं ते नंतर कळलं. तिचे वडील साखऱ्यात पिठाची गिरणी चालवायचे, डिझेल इंजिनावर. धुराड्यावर डबा उपडा घातलेला, त्यामुळं गिरणी सुरू झाली की पुक-पुक आवाज शेतापर्यंत जाई आणि बायका दळण घेऊन निघत. वैनीची आई लवकर गेलेली. ही लहानपणापासून गिरणीतच, पोत्यांवर झोपलेली. वडील तापानं पडले तेव्हा दीड महिना हिनं एकटीनं गिरणी चालवली होती. इंजिन बिघडण्याच्या आधी त्याचा आवाज बदलतो, ती म्हणायची, माणूस आजारी पडायच्या आधी कसा आवाज उतरतो तसा. तिच्या लेखी यात काही विशेष नव्हतं. भाकरी फुगली की उलटायची, तसंच.

पुढचे दोन आठवडे मोटार बनत होती. सागवानी लाकडाचं अंग, नानांनी ॲल्युमिनियमची चाकं कातली आणि त्यांवर जुन्या पट्ट्याच्या रबराच्या कड्या चढवल्या. इंजिनाची धूर सोडायची खिडकी त्यांनी बारीक कानशीनं केसभर मोठी केली, हवा ओढायचं भोक आतून घासून चकचकीत केलं. प्रत्येक बदलानंतर चाचणी, आणि प्रत्येक चाचणीनंतर आतून मला हाक. कधी "खिडकी आता पुरे म्हणा, अजून घासली तर दम जाईल." कधी "चाक कुठंतरी घासून राहिलं." आणि मी प्रत्येक वेळी ते बाहेर जाऊन माझं म्हणून सांगत होते. एक दिवस नानांनी कानस खाली ठेवली आणि विचारलं, "सुले, दम जाईल म्हंजे काय जाईल?" मला काय माहीत. नानांनी आतल्या दाराकडं पाहिलं. पदराची कड तेवढी दिसत होती. ते मला रागावले नाहीत. फक्त त्या दिवसापासून ते म्हणू लागले, "सुले, आत इचारून ये."

आत इचारून ये. एवढ्या तीन शब्दांनी मला काय झालं ते आज सत्तरीकडं झुकल्यावरही नीट सांगता येत नाही. मी तीच, तार तीच, पण आता सगळ्यांना ठाऊक होतं की तारेला स्वतःचं काही म्हणणं नसतं. नाना मला भाग दाखवत, पण नजर दाराकडं. जेवताना ते भाजीचं कौतुक करायला लागले. तिनं केलेल्या जवसाच्या चटणीची वाटी संपली की मला पोटात आग पडल्यासारखं होई, आणि ती चटणीची आग नव्हती. मी वैनीचे दोष गोळा करू लागले. ती चालताना आवाज करत नाही, म्हणजे चोरटी. ती हसताना तोंडावर हात धरते, म्हणजे दात किडके असतील. ते किडके नव्हते. रोज संध्याकाळी ती मला पुढ्यात बसवून वेणी घालून द्यायची. तिचे हात हलके होते, आणि त्याचाही मला राग यायचा.

(हे वाचणाऱ्याला वाटेल की वयात येणाऱ्या पोरीचं ते खूळ होतं आणि ओसरलं असेल. नाना शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा मी नोकरीवरून रजा काढून महिनाभर त्यांच्या उशाशी होते. एका दुपारी त्यांनी डोळे उघडले, छताकडं पाहिलं आणि म्हणाले, पंचफुला, पंख्याचं बेअरिंग गेलं बघ. वैनी तिथं नव्हती. मी होते. तेव्हा मी पन्नाशीच्या पुढं होते, आणि पोटात तीच आग पडली.)

मिर्झासाहेब एका रविवारी सकाळी आले. त्या आठवड्याला दादा वाशिमलाच अडकला होता. उंच, पांढरी शेरवानी नव्हे पण स्वच्छ पांढरा सदरा, पान खाल्लेले ओठ, आणि मोटार मखमली पेटीत. कारखान्याचे शेठ खुर्ची टाकून बसले, शाळेतले दोनतीन मास्तर, हमाल, त्यांची पोरं, आळीतल्या बायका. नानांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांचं काम बघायला म्हणून इतकी माणसं कधी जमली नव्हती. यंत्र बिघडलं की त्यांना बोलावत, चालू असलं की त्यांचं नावही कुणाच्या तोंडी नसे. वैनीनं यावं असं नानांनी मायला सांगितलं तेव्हा माय तयार नव्हती, नवी सून चारचौघांत कशाला म्हणून. शेवटी ती मायच्या शेजारी, बायकांच्या घोळक्यात, अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला भिंतीच्या सावलीत बसली.

मिर्झासाहेबांची मोटार आधी पळाली. त्यांच्या मदतनिसानं काठीनं ढकलून ती सुरू केली, आणि ती तांबड्या रंगाची मोटार तारेच्या टोकाला भिंगरीसारखी फिरू लागली. सरांनी घड्याळावर दहा फेऱ्या मोजल्या. मग नाना. त्यांनी आमचं इंजिन तिथंच फळीवर चालवून गरम केलं, तशी पद्धत होती. थंड इंजिन नीट बोलत नाही. ते चालू असताना नानांनी नेहमीसारखं मला खुणावलं. मी पळत अंगण ओलांडून बायकांकडं गेले.

वैनी उकिडवी बसली होती, डोळे मिटून. मी जवळ गेल्यावर उघडले. "थंड्या इंजिनावर आवळलेला स्क्रू हाय त्यो," ती म्हणाली. "आता तापलं. घशात अडकून राहिलं त्याच्या. मामाला म्हणा, सोडायच्या आधी स्क्रू पाव आटा सैल करा. न्हाईतर आतली दांडी तुटंल."

मी परत निघाले. अंगण मोठं होतं. पंचवीस-तीस पावलं असतील. पाऊलभर चालले आणि मला दिसलं की सगळे माझ्याकडं बघतायत. सर, शेठ, मिर्झासाहेब. नाना हात पुसत वाट बघतायत. माझी नव्हे, मी आणणार असलेल्या शब्दाची. मिर्झासाहेब सरांना विचारत होते ते माझ्या कानावर आलं, "ये बच्ची किससे पूछ के आ रही है?" आणि सर कौतुकानं म्हणत होते, सुनेला विचारून, त्यांच्या सुनेचा कान फार तयार आहे. तेवढं मी ऐकलं आणि माझी पावलं उरलेलं अंगण चालली. नानांपाशी जाऊन उभी राहिले.

"काय म्हणली?" नानांनी विचारलं.

"बराबर हाय म्हणली."

नानांनी मान डोलावली. इंजिन मोटारीत बसवलं, दोरी ओढली, काठीनं ढकललं. आमची मोटार सुटली. पहिल्या दोन फेऱ्यांतच कळलं की ती तांबड्या मोटारीपेक्षा वेगवान आहे. लोक ओरडू लागले, शेठ खुर्चीतून उठले. तिसरी, चौथी, पाचवी. सर मोठ्यानं आकडे म्हणत होते आणि त्यांचा आवाज चढत होता. मला त्या पाच फेऱ्यांत वाटलं की वैनी चुकली, तिचा कान चुकला, आणि मी खोटं बोललेच नाही. सहाव्या फेरीला आवाज जड झाला. सातवीच्या मध्यावर टक्कन वाजलं, फार मोठं नाही, सुपारी फुटावी तसं. चाकं अडकली, मोटार तारेला लटकत फरफटत गेली आणि थांबली. थांबल्यावर एरंडेलाचा धूर तेवढा हळूहळू वर जात होता.

नानांनी इंजिन तिथंच खोललं. पिस्टनला धरणारी बारीक दांडी दोन तुकडे झाली होती. मिर्झासाहेबांनी पिस्टन हातात घेतला, चष्मा लावून पाहिला आणि विचारलं की हा तुम्ही लेथवर केलात का. असं काम मी हैदराबादेत पाहिलं नाही, असंही म्हणाले. पण माणसं पांगत होती. शेठ म्हणाले, ठीक आहे, शेवटी बाहेरचं ते बाहेरचं. नानांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं आणि इस्त्रीच्या सदऱ्यावर काळा पट्टा उमटला. मग त्यांनी दूर सावलीकडं पाहिलं. वैनी उभी राहिली होती. ती नानांकडं पाहत नव्हती, माझ्याकडं पाहत होती. मी दुसरीकडं पाहिलं.

घरी माय जे बोलली ते मी सगळं लिहीत नाही. सुनेचं ऐकून चारचौघांत शोभा झाली, चुलीपाशी बसणाऱ्या बाईला काय कळतं, असं. शनिवारी दादा आला, मायनं त्याला सांगितलं आणि आतल्या खोलीत दादाचा आवाज बराच वेळ येत राहिला. वैनीचा आवाज आला नाही. ती एका शब्दानं म्हणाली असती की मी सैल करायला सांगितलं होतं, तर सगळं माझ्यावर आलं असतं. ती म्हणाली नाही. नानांचं "आत इचारून ये" बंद झालं. रात्री नवी दांडी कातायला बसत तेव्हा पुन्हा मला पुढ्यात बसवत, तुकडा तळहातावर ठेवत आणि विचारत, "सुले, कसा?" मला हवं होतं ते सगळं मला परत मिळालं होतं. तो तुकडा माझ्या हातावर असायचा आणि मला फक्त तो गार लागायचा.

संध्याकाळी वैनी वेणी घालून देत राहिली. तेच मला सोसवेना. ती ओढून बांधती, चिमटा काढती, तर मी सुटले असते. साधारण पंधरा दिवसांनी, ती फणी फिरवत असताना, मी मागं न बघता विचारलं, "वैनी, तुमी सांगितलं काहून न्हाई?"

फणी थांबली नाही. ती म्हणाली, "कुणाला सांगू? तुमी या घरात जलमल्या, मी आलेली हाय. तुमी एक म्हणाल, मी एक म्हणंल. मग मामाला दोघींतून एकीला खोटं ठरवावं लागंल. ते त्यांच्यानं झालं नसतं." थोडा वेळ तिनं केस विंचरले. "आन् ठरवलंच असतं, तर मलाच ठरवलं असतं."

ती रागानं बोलत नव्हती. पिठाच्या गिरणीत किती दळण राहिलं ते सांगावं तसं सांगत होती. मी अर्ध्या वेणीनं उठले आणि कारखान्यात गेले.

नाना वर्कशॉपच्या खिडकीत बसून नवी दांडी घासत होते. तोवर त्यांनी तिसरी केली होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी सुईचं मी माझं म्हणून सांगितलं तिथपासून अंगणातल्या त्या पंचवीस-तीस पावलांपर्यंत. सांगताना रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. नानांची कानस चालूच होती. मी थांबले तशी तीही थांबली. मला वाटलं आता ते मारतील. त्यांनी मला कधी मारलं नव्हतं, पण त्या वेळी मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

त्यांनी विचारलं, "किती आटा सैल करा म्हणली व्हती?"

"पाव."

त्यांनी बोटांनी हवेत स्क्रू फिरवल्यासारखं केलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पाव बराबर झालं असतं."

आम्ही घरी आलो तेव्हा माय भाकरी थापत होती, वैनी तव्यापाशी. नाना उंबऱ्यात आले, आणि आमच्या घरात कधी झालं नव्हतं ते झालं. ते थेट सुनेकडं बघून बोलले. "पंचफुला," ते म्हणाले, "माझी चूक झाली. मी मधी माणूस ठेवला. आजपासून तुला जे ऐकू येईल ते मलाच सांगत जा." वैनीनं पदर पुढं ओढला. माय भाकरी हातात तशीच धरून माझ्याकडं पाहायला लागली, तिला काही कळेना. मग नानांनी तिलाही सांगितलं, थोडक्यात, माझं नाव घेऊन. शनिवारी दादालाही त्यांनीच सांगितलं. दादानं आतल्या खोलीत काय म्हटलं ते ऐकू आलं नाही, पण रविवारी त्यानं स्वतः विहिरीवरून चार खेपा पाणी आणलं. नवऱ्यानं पाणी भरणं तेव्हा आमच्या आळीत कुणी पाहिलं नव्हतं. माय माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. वैनी बोलली, पहिल्यासारखीच. तिला मला शिक्षा करायची नव्हती, आणि माफ केल्याचं दाखवायचंही नव्हतं. तिच्यापाशी तेवढा वेळच नव्हता. दुपारी घरकाम आटोपून ती कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये जाऊ लागली होती. मायनं दोन दिवस आदळआपट केली आणि मग तीच तिच्याबरोबर नानांचा चहा पाठवायला लागली.

हंगाम सुरू व्हायच्या आधीचा शेवटचा रविवार. शेठ नव्हते, मिर्झासाहेब नव्हते. सर होते, त्यांचं घड्याळ होतं, आणि दादा धरून आम्ही पाच जण. वैनी खुंट्याजवळ तेलाच्या उपड्या डब्यावर बसली होती. नाना इंजिन गरम करत होते. तिनं हात वर केला तसं त्यांनी स्क्रूला हात घातला. ती म्हणाली, "अजून थोडं. बस." इतकं हळू की मला जेमतेम ऐकू आलं, पण नानांना ऐकू आलं. मोटार सुटली. सर एकेक फेरी मोजत होते. सातवी झाली तेव्हा मी श्वास धरून ठेवला होता. दहावी झाली आणि इंजिन इंधन संपेपर्यंत तसंच गात राहिलं, एका सुरात. सरांनी घड्याळ पाहिलं, मिर्झासाहेबांची वेळ लिहिलेला कागद काढून पाहिला आणि कागद नानांच्या हातात दिला. आमची मोटार पुढं होती, चांगली पुढं. नानांनी तो कागद वैनीला नेऊन दाखवला. दोघं मोटारीवर वाकून काहीतरी बोलत बसले. वैनी बोटानं एक जागा दाखवत होती, तिचा पदर खांद्यावर आला होता आणि तिला त्याचं भान नव्हतं. नाना हसत होते. त्या दहा फेऱ्या मला खराखुरा आनंद झाला होता, त्यात खोट नाही. अकराव्या फेरीला तो सरला.

मी इंधनाची बाटली हातात धरून उभी होते. बऱ्याच वेळानं नानांचं माझ्याकडं लक्ष गेलं. मला वाटलं, ते आता विचारतील.

"सुले," ते म्हणाले, "झाकण लाव त्याचं. इथर उडून जातं."

मी झाकण लावलं, चांगलं घट्ट.